धागा कच्चा नव्हता
(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



माझं शिक्षण चौथी. शिक्षणासारख्या विषयावर बोलायला मला उभं केलं म्हणून काही जणांना हसू येईल. मघाशी चहाच्या टपरीवर एका गड्यानं विचारलंच, "अरे, तुला शाळेतलं काय कळतं?" मी म्हटलं, उपास म्हणजे काय हे पंगतीत बसलेल्याला विचारून कळत नाही. शाळेनं ज्याला बाहेर ठेवलं, त्यालाच शाळेचा उंबरा किती उंच आहे ते ठाऊक. त्या हक्कानं मी बोलणार आहे. चुकलं तर सांभाळून घ्या, पटलं तर घरी जाऊन बोला.

आपण सूत काढणारी माणसं. रिंग फ्रेमवर एखादा धागा तुटला तर आपण काय करतो? टोक शोधतो, सांधतो आणि पुढं जातो. एक धागा तुटणं ही रोजची गोष्ट. पण एकाच फ्रेमवर धागे सारखे तुटायला लागले, या टोकाला सांधावा तर त्या टोकाला तुटतो, असं झालं तर? तेव्हा कुणी कापसाला शिव्या देत बसत नाही. जॉबर येतो, मास्तर येतो. खात्यातला ओलावा बघतात, रोलर बघतात, ट्रॅव्हलर झिजलेत का बघतात, मागून येणारं रोविंग बघतात. पाळीभर खोळंबा झाला तरी चालेल, पण दोष सापडल्याशिवाय फ्रेम चालू करत नाहीत. कारण खात्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं, की धागे ढिगानं तुटायला लागले की दोष यंत्राच्या मांडणीत असतो.

आता आपल्या वस्तीकडं बघा. या सभेत चौथी, सातवी, नववीला शाळा सुटलेले किती आहेत? हात वर करायला सांगत नाही, मला दिसतंय. यातल्या प्रत्येकाला विचारा, "शाळा का सोडलीस?" दहातले आठ जण सांगतील, "माझंच डोकं चालत नव्हतं." इतक्या घरांतले इतके धागे तुटले, आणि प्रत्येक धागा म्हणतो मीच कच्चा होतो! यंत्र थांबवून बघायला कुणी येत नाही. आज आपण ते यंत्र थोडं उघडून बघू.

माझीच गोष्ट आधी सांगतो. माझा बाप मुंबईत गिरणीत साच्यावर होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढं काय झालं ते तुम्ही जाणता. बाप ट्रंक घेऊन गावी आला, तो परत गेला नाही. माझा जन्म त्यानंतरचा. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी सहा किलोमीटर चालायचं, मध्ये ओढा. पहिल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, महिना बुडाला. मग चुलत्यानं मागावर नेलं, कांड्या भरायला. त्यानंतर पंचवीस वर्षं मी सांगत आलो, "मला अभ्यास जमला नाही." गेल्या दोन-चार वर्षांत युनियनच्या कामात कागद वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की मी चौथीला वर्गात दुसरा आलो होतो. अभ्यास मला जमत होता. ओढा जमला नाही.

तर बंधूंनो, हे यंत्र बसवलं कुणी?

इंग्रजांनी १८३५ साली ठरवलं, की इकडच्या थोड्या लोकांना इंग्रजी शिकवायचं आणि राज्य चालवायला मध्यस्थ म्हणून वापरायचं. त्या काळचे अधिकारी म्हणत, वरच्यांना शिकवलं की विद्या झिरपत झिरपत खाली जाईल. आपल्याकडं पाणी वरून झिरपलं की भिंतीला पोपडे येतात, शेत भिजत नाही. १८८२ साली हंटर कमिशन आलं. त्यापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन देऊन सांगितलं, की सरकारची तिजोरी भरते शेतकरी-कष्टकऱ्याच्या घामातून, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. त्यांनी मागितलं, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ ला, पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. त्यात काय होतं ऐका. सात वर्षांखालचं मूल गिरणीत घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये! म्हणजे सात वर्षांच्या लेकरानं गिरणीत नऊ तास राबायला कायद्याची हरकत नव्हती. त्यानं शाळेत जावं याची सक्ती करायला मात्र सरकार तयार नव्हतं.

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. दिल्लीच्या सरकारला जे नको होतं, ते संस्थानिकांतल्या शहाण्यांनी केलं. बडोद्याला सयाजीरावांनी १९०६ पर्यंत सगळ्या राज्यात सक्तीचं शिक्षण नेलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि "कमवा आणि शिका" म्हणत गरिबाच्या पोराला वाट करून दिली. तेव्हा पैसा नव्हता म्हणून झालं नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एवढ्याशा कोल्हापूर संस्थानला जे परवडलं, ते साम्राज्याला परवडलं नाही, ही गोष्ट तिजोरीची नसून दानतीची आहे.

पुढं स्वराज्य आलं. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानं १९५० साली सांगितलं, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी सरकारनं झटावं. दहा वर्षं म्हणजे १९६० साल. त्याच साली, १ मे १९६० ला, आपलं मराठी राज्य झालं. ते कुणी खिरापत म्हणून वाटलं नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. त्या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्यांत गिरणी कामगार होते. त्या चौकाला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो. ती माणसं नकाशावरच्या एका रेघेसाठी मेली नाहीत. आपल्या भाषेत कारभार चालेल, कोर्टाचा कागद आपल्याला वाचता येईल, आपलं पोर आपल्या भाषेत शिकून मोठं होईल, यासाठी ती रस्त्यावर आली.

मग १९६० ला शिक्षणाची मुदत भरली, तेव्हा काय झालं? काही नाही. शिक्षण हा मुलाचा हक्क म्हणून घटनेत लिहिला गेला २००२ साली. त्याचा कायदा झाला २००९ साली, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पगार पन्नास वर्षं थकवला तर आपण मालकाला काय म्हणू? इथं तर पिढ्या थकल्या.

आता ते यंत्र आज कुठं कुठं धागा तोडतं ते बघू. मला चार जागा दिसतात.

पहिली जागा भाषेची.

इथं माझी एक चूक तुमच्यापुढं कबूल करतो. मी या चळवळीचा कार्यकर्ता. मोर्च्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. आणि माझी मुलगी? सकाळी आठ वाजता इंग्रजी शाळेच्या गाडीत बसायची. पाटीवर "इंटरनॅशनल" लिहिलेलं, आत तीन खोल्या. फी भरायला मी ओव्हरटाइम करत होतो. एक दिवस ती पावसाची इंग्रजी कविता घडाघडा म्हणाली. मला कौतुक वाटलं. मी विचारलं, "बाळा, याचा अर्थ काय गं?" ती म्हणाली, "अर्थ परीक्षेला नाही, बाबा." मी हसलो, पण रात्रपाळीत ते वाक्य डोक्यातून जाईना. हळूहळू तिनं शाळेतलं मला सांगणंच सोडलं. बाबाला यातलं कळत नाही, हे तिला कळलं होतं. बंधूंनो, मालकानं अपमान केला तर युनियन आहे. पोरीच्या नजरेत आपण अडाणी ठरलो, तर कुठं दाद मागायची?

मी तिला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत परत आणली. आता ती गणित मला समजावून सांगते, आणि मलाही थोडं समजतं. पण म्हणून मी इथं उभा राहून, इंग्रजी शाळेत पोर घालणाऱ्या कामगाराला दोष देणार नाही. तो हिशेबी माणूस आहे. त्याला दिसतं, की पहिली ते दहावी मराठीत, आणि अकरावीला शास्त्र शाखेत गेलं की पुस्तक इंग्रजी. डॉक्टरी इंग्रजीत, इंजिनिअरिंग इंग्रजीत, उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. राजभाषेचा कायदा १९६४ साली झाला, सरकारी कचेऱ्यांत मराठी आली. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. मान मिळाला, आनंद आहे. पण भाकरीच्या कागदावर मराठी नसेल, तर तो बाप म्हणणारच, वर इंग्रजीच लागते तर खालीच सुरू करू. खाली मराठी आणि वर इंग्रजी, असा हा सांधा. आणि धागा तुटतो तो सांध्यावरच. दहावीला चांगले गुण घेतलेलं पोर अकरावीला एकाएकी मुकं होतं. पुस्तकातला विषय त्याला ठाऊक असतो, फक्त शब्द ओळखीचे नसतात. ते घरी येऊन काय सांगतं? "बाबा, माझं डोकं चालत नाही."

काही जण म्हणतील, इंग्रजीशिवाय यंत्रविद्या येत नाही. साकिची टोयोडा नावाचा जपानी माणूस, एका सुताराचा मुलगा. त्याचं शिक्षण माझ्यापेक्षा फार जास्त नव्हतं. त्यानं १९२४ साली असा आपोआप चालणारा माग तयार केला, की १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या बड्या यंत्र कंपनीनं त्याचे हक्क विकत घेतले. साऱ्या जगाला सूतयंत्रं विकणारे इंग्रज त्या सुताराच्या पोराच्या दारी गेले. तो विचार जपानीत करत होता. इंग्रजी जरूर शिकवा, पहिलीपासून शिकवा, चांगल्या मास्तराकडून शिकवा. पण भाषा म्हणून शिकवा. तिला दारावरचा वॉचमन करू नका.

२०२१ सालापासून इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला परवानगी मिळाली आहे. परवानगी हे दार उघडणं झालं. आत पुस्तकं, मास्तर आणि बाहेर नोकरी नसेल तर त्या दारातून जाणार कोण?

आणि २०२५ साली काय झालं ते ताजं आहे. १६ एप्रिलला आदेश निघाला, पहिलीपासून हिंदी सक्तीची. महाराष्ट्र उठला. जूनमध्ये शब्द बदलून दुसरा आदेश आला, तरी लोक हटले नाहीत. २९ जूनला दोन्ही आदेश मागं घ्यावे लागले. आपल्या शेजारच्या फ्रेमवर उभा असलेला हिंदी भाषिक कामगार आपला भाऊ आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. सहा वर्षांच्या लेकराच्या पाठीवर तीन भाषांचं ओझं मंत्रालयातून टाकायला आपला विरोध आहे. एकजूट केली तर आदेश मागं जातो, एवढं मात्र त्या वर्षानं दाखवून दिलं.

दुसरी जागा पैशाची.

कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, आणि सगळ्यांसाठी समान शाळा करा. म्हणजे साहेबाचं पोर, जॉबरचं पोर आणि झाडूवाल्याचं पोर एकाच बाकावर. २०२० च्या शिक्षण धोरणातही तेच सहा टक्के पुन्हा लिहिले आहेत. मधली चोपन्न वर्षं ते सहा टक्के कागदावरच राहिले. समान शाळा तर राहूच द्या. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. ज्या काळात मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरातली चूल थंड झाली, त्याच काळात शिक्षणाच्या जागेला दर लागला. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. सरकार देणार नाही, बाप देईल.

शिक्षण हक्काच्या कायद्यात खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा गरिबांना द्याव्यात असं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. पालक कोर्टात गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. बघा, पंचवीस टक्के बाक टिकवायलासुद्धा कोर्ट चढावं लागतं.

तिसरी जागा मास्तरची आणि शाळेची.

बदली कामगार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. काम तेच, घाम तोच, पण हाती निम्मे. २००० सालापासून शाळेतही तीच रीत आली. नव्या मास्तराला नाव दिलं शिक्षण सेवक. तीन वर्षं पगार नाही, मानधन. सुरुवातीला प्राथमिकच्या मास्तराला महिना ३,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,००० झाले, तेही ओरड झाल्यावर. शिवाय निवडणूक आली, चल मास्तर. जनगणना आली, चल मास्तर. मास्तर कमी, वर्ग जास्त. एक माणूस दोन वर्ग सांभाळतो, जसं आपल्याला एकाच पगारात जादा फ्रेमा देतात. कामाचा बोजा वाढला की सूत खराब निघतं, हे आपण मालकाला ओरडून सांगतो. तीच गोष्ट मास्तर सांगतो तेव्हा आपण म्हणतो, "मास्तरला काम नको." हे आपण सोडलं पाहिजे. मास्तरही आपल्यासारखा कामगार आहे.

आणि शाळाच जवळ राहिली नाही तर? कायद्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. पण २०२३ साली सरकारी खात्यानं वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा एकत्र करून "समूह शाळा" करण्याचा विचार पुढं आणला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त निघाल्या. कागदावर हे किफायतीचं दिसतं. पण साहेबाच्या कागदात ओढा नसतो. तो ओढा मी पाहिलाय. पावसाळ्यात मुलगा कदाचित पोहून जाईल. मुलीला मात्र आई घरीच ठेवील.

चौथी जागा वयाची. ही जागा फार लोकांच्या लक्षात येत नाही.

शिक्षणाचा हक्क किती वर्षांपर्यंत? सहा ते चौदा. बालमजुरीचा कायदा २०१६ साली सुधारला, त्यात कामावर बंदी किती वर्षांपर्यंत? चौदा. त्यापुढं धोक्याचं काम तेवढं वर्ज्य. म्हणजे ज्या दिवशी शिक्षणाचा हक्क संपतो, त्याच दिवशी कामाचं दार उघडतं. आठवी झाली की एक भोंगा बंद होतो आणि दुसरा वाजतो. नववीपासून पुढं शिकायचं असेल तर तुमची ऐपत, नाहीतर मुकादम उभाच आहे. पंधराव्या वर्षी बाहेर पडलेल्या पोराला स्वस्त मजूर म्हणतात. हे स्वस्त मजूर आभाळातून पडत नाहीत. त्यांना तयार करणारं खातं आहे, आणि ते दर वर्षी नेमानं माल देतं. यात कुणाचा फायदा आहे, ते मी सांगायला नको.

बंधुभगिनींनो, आता आपल्या सीमेपलीकडच्या भावंडांकडं बघू. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा मराठी मुलूख तिकडं गेला. घटनेत त्याच साली ३५० अ हे कलम आलं, की भाषिक अल्पसंख्य मुलाला प्राथमिक शिक्षण त्याच्या मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. तरी १९८६ च्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसं गेली. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर आज बापमाणूस झालं, दावा तिथंच आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. जे बेळगावच्या मराठी लेकरासाठी मागतो, ते आपल्या राज्यातल्या दुसऱ्या लेकराला नाकारता येणार नाही. सोलापूरच्या पद्मशाली विणकराच्या घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि जतकडं कन्नड आहे. मालेगाव-भिवंडीच्या मागावर उर्दू आहे. गडचिरोलीच्या पाड्यात गोंडी आहे. त्या पोराची भाषा शाळेच्या दारात काढून घेतली, तर त्याचाही धागा तसाच तुटतो. संयुक्त महाराष्ट्र हा कष्टकऱ्यांचा महाराष्ट्र आहे, असं म्हणायचं तर त्यात सगळ्यांची लेकरं आली.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात एक कलम होतं. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुतेक कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्यात. का? कारण न समजलेली सूचना बोट तोडते. हाताचं बोट तुटू नये म्हणून भाषा समजायला पाहिजे, एवढं कायद्याला कळलं होतं. डोकं तुटू नये म्हणूनही ती लागते, हे कळायला अजून किती वर्षं?

आता आपल्या मागण्या. साध्या आहेत, चौथीवाल्याला सांगता येतील अशा आहेत.

१. पहिलीपासून शेवटच्या पदवीपर्यंत मराठीतून शिकण्याची खरी सोय पाहिजे. पुस्तकं, मास्तर आणि परीक्षा सगळं मराठीत. इंग्रजी विषय म्हणून प्रत्येक सरकारी शाळेत उत्तम शिकवा.

२. मोफत शिक्षणाचा हक्क चौदावर थांबवू नका, अठरापर्यंत न्या.

३. मास्तर कायम पगारावर भरा. बदली मास्तर नको.

४. पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद करू नका.

५. सीमाभागात मराठी मुलाला, आणि महाराष्ट्रात प्रत्येक भाषिक अल्पसंख्य मुलाला, घरच्या भाषेत प्राथमिक शिक्षण मिळालं पाहिजे.

मागण्या सरकारकडं झाल्या. आता थोडं आपल्याकडं. शिक्षण हक्काच्या कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. त्यात तीन चतुर्थांश आई-बाप असायला पाहिजेत, आणि निम्म्या बायका. बहुमत आपलं! पण बैठक असते दिवसा, आपण असतो पाळीत. मग सही करून कागद पुढं सरकतो. युनियननं ठराव करावा, की ज्या दिवशी शाळेची बैठक, त्या दिवशी त्या कामगाराची पाळी बदलून मिळावी. आणि युनियनच्या कचेरीतली एक खोली संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला उघडी ठेवावी. एक बाक, एक दिवा आणि सातवी शिकलेली एक बाई एवढ्यावर सुरुवात होते. माझी मुलगी पहिल्या दिवशी येईल. जमलं तर तिच्या मागच्या बाकावर मीही बसेन. पाचवी राहिलीय माझी.

आणि शेवटचं. आज रात्री घरी जाल, तेव्हा तुमचं नववीतून बाहेर पडलेलं पोर कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेलं असेल. त्याला शेजारी बसवा आणि सांगा, "लेका, तुझं डोकं चालत होतं." मला हे कुणी सांगितलं नाही. माझ्या बापाला वाटत राहिलं, पोरगं मठ्ठ निघालं. मला वाटत राहिलं, बापाचं नाव घालवलं. दोघंही चुकीच्या माणसाला दोष देत राहिलो, आणि ज्यानं यंत्र तसं लावलं तो निवांत झोपला. बाप आता नाही. त्याला सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगतो.

धागा कच्चा नव्हता. आता सगळ्यांनी मिळून यंत्र थांबवायचं आणि दोष काढायचा.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!